१९५५ चे दोन कायदे आणि एक जुना प्रश्न : पुरावा कोणाच्या हातात?



चाकण एमआयडीसीला लागून असलेल्या एका गावात पत्र्याच्या खोल्यांची चाळ आहे. सगळी कुटुंबे कंत्राटी कामगारांची. तिथली एक ताई दोन वर्षांपूर्वी सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन माझ्याकडे आली. पैसे कमी होते म्हणून तिने अर्धीच पट्टी मागितली होती. दुकानदाराने कात्रीने पट्टी कापून दिली आणि जवळजवळ पूर्ण पट्टीचे पैसे घेतले. पिंपरीला बहिणीकडे गेल्यावर तिला खरा भाव कळला.

मी तिला विचारले, बिल आहे का? नव्हते. पट्टीवर किंमत आणि बॅच नंबर? ते छापलेला तुकडा दुकानातच राहिला होता. पैसे ऑनलाइन दिले का? रोख. सोबत कोण होते? सात वर्षांची मुलगी.

ती म्हणाली, "ताई, मग मी खोटं बोलतेय का?"

ती खोटे बोलत नव्हती. तिच्या बाजूने कायदाही होता. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार सुट्या गोळ्यांची किंमत पूर्ण पट्टीच्या किमतीच्या प्रमाणातच घ्यावी लागते. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधाचे बिल देणेही दुकानदारावर बंधनकारक आहे. म्हणजे गुन्हा घडला होता, कायदा होता, फिर्यादी होती. नव्हता तो पुरावा. तो ज्याने गुन्हा केला त्याच्याच गल्ल्याखाली पडून होता.

भाव सरकारने ठरवायचा आणि भाव मोडला हे कोर्टात सिद्ध मात्र करता यायचे नाही, ही गोष्ट आजची नाही. तिला ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या चळवळीच्या इतिहासाला चिकटलेला आहे. आपल्या तरुणांना ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे पाठ असतात. त्या कायद्यामागचा एक मोठा विचार रेशन, रॉकेल आणि औषधाच्या कायद्यातही आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

मीठ, पेट्रोल आणि 'दोषी मन'

दुसऱ्या महायुद्धात धान्य, कापड, रॉकेल, मीठ, सगळ्याची टंचाई झाली. २ मे १९४३ रोजी मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. ब्रिटिश सरकारने 'डिफेन्स ऑफ इंडिया रूल्स'खाली वस्तूंचे कमाल भाव ठरवले आणि जादा भावाने विकणे गुन्हा केला.

महागाई सगळ्यांना सारखी लागत नाही, हे बाबासाहेबांनी त्याच्या वीस वर्षे आधी मांडले होते. १९२३ च्या 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात त्यांनी चलनाचा विचार करताना भावाच्या स्थिरतेवर भर दिला. भाव चढतात तेव्हा मजुरी त्यांच्या मागून रखडत येते. व्यापाऱ्याचा फायदा होतो तो मजुराच्या ताटातून, हे त्यांनी अर्थशास्त्राच्या भाषेत सांगितले.

नियम झाले आणि खटले उभे राहिले. बिहारमधल्या दरभंग्यात मिठाच्या घाऊक व्यापारात ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतल्याचा खटला झाला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९४७ मध्ये निकाल आला. प्रश्न असा होता की नोकराने जादा पैसे घेतले आणि मालकाला ते माहीत होते हे सिद्ध झाले नाही, तरी मालक दोषी ठरतो का? प्रिव्ही कौन्सिल म्हणाले, कायद्याने स्पष्टपणे वगळले नसेल तर गुन्ह्याला दोषी मन लागते. जादा भावाचा गुन्हाही त्याला अपवाद नाही.

पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात असाच प्रश्न पेट्रोलबाबत आला. नोकराने ठरलेल्या कमाल दरापेक्षा जास्त दराने पेट्रोल विकले. मालकाचा हेतू सिद्ध नाही, म्हणून नोकराच्या कृत्यासाठी मालक गुन्हेगार ठरत नाही, असे न्यायालयाने धरले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पेट्रोल रेशनिंगच्याच एका खटल्यात दोषी मनाचे तत्त्व उचलून धरले.

हे तत्त्व वाईट आहे असे मी म्हणत नाही. ज्याला काही ठाऊकच नव्हते त्याला तुरुंगात टाकू नये, हे न्यायाचेच तत्त्व आहे. पण दुकानात ते कसे वागते ते बघा. भाव सांगणारा, पैसे घेणारा, माप घालणारा हात नोकराचा. नफा जातो मालकाकडे. मालकाच्या मनात काय होते ते गिऱ्हाइकाने कसे दाखवायचे? ज्याच्याकडे नोकर आहेत त्याच्याकडे 'मला माहीत नव्हते' म्हणायची सोय आहे. ज्याच्याकडे नोकर नाही, त्या हातगाडीवाल्याकडे ती नाही.

आणि हेतू हा झाला शेवटचा प्रश्न. त्याच्या आधी सरकारी वकिलाला बरेच काही सिद्ध करावे लागते. त्या दिवशी भावाचा आदेश अमलात होता का? विकलेली वस्तू त्याच प्रतीची, त्याच वजनाची होती का? पैसे खरोखर किती दिले? कोणी घेतले? छापा घालणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकार होता का? म्हणून बनावट गिऱ्हाईक पाठवायचे, खुणा केलेल्या नोटा द्यायच्या, दोन पंच उभे करायचे, पंचनामा करायचा, अशी रीत पडली. पण पंच त्याच बाजारपेठेतले असत आणि खटला उभा राहीपर्यंत फितूर होत. शिवाय बचावाचा आणखी एक मुद्दा असे की जादा पैसे देणारे गिऱ्हाईकही गुन्ह्यात सामीलच नाही का? मग त्याच्या साक्षीवर किती भरवसा ठेवायचा? भुकेपोटी दोन आणे जास्त देणाऱ्यालाच कोर्टात संशयाने पाहायचे, इथवर ही गोष्ट जाई.

एकाच वर्षी दोन कायदे

संविधानाच्या अनुच्छेद ३६९ ने कापड, धान्य, कोळसा यांसारख्या वस्तूंबाबत संसदेला पाच वर्षांपुरते खास अधिकार दिले होते. ती मुदत संपल्यावर तिसरी घटनादुरुस्ती झाली आणि १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आला. तो १ एप्रिल १९५५ पासून लागू झाला.

दोन महिन्यांनी, १ जून १९५५ रोजी, दुसरा एक कायदा लागू झाला. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम. १९७६ मध्ये त्याचे नाव बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. हे विधेयक राज्यसभेत आले तेव्हा बाबासाहेबांनी त्यातल्या उणिवांवर नेमके बोट ठेवले होते.

त्या कायद्याचे कलम १२ प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत त्या कायद्याखालचे गुन्ह्याचे कृत्य घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरेल. उलट असेल तर ते आरोपीने सिद्ध करायचे.

हे कलम का लागले? विहिरीवरून हाकलणारा माणूस कोर्टात कधी म्हणतो का की मी जातीमुळे हाकलले? तो म्हणतो, भांडण होते, बादली घाण होती, वेळ झाली होती. मनातली जात बाहेर काढून कोर्टाच्या टेबलावर ठेवणे पीडिताला शक्य नसते. म्हणून कायद्याने ते ओझे त्याच्या खांद्यावरून उचलून आरोपीच्या खांद्यावर ठेवले. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ८ मध्येही अशीच गृहीतके आहेत.

जीवनावश्यक वस्तू कायद्यात मात्र १९५५ साली हेतूबद्दल असे गृहीतक नव्हते. परवाना होता हे दाखवायची जबाबदारी कलम १४ ने आरोपीवर टाकली होती, पण मनाचा प्रश्न मोकळा होता. भाव मोडणाऱ्याच्या मनात काय होते हे सरकारनेच दाखवायचे होते. एका वर्षात जन्मलेल्या दोन कायद्यांत हा फरक होता.

१९६४ ची मागणीपत्रिका

६ डिसेंबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी सत्याग्रह सुरू केला. लाखो माणसे तुरुंगात गेली. आपण त्याला भूमिहीनांचा सत्याग्रह म्हणतो आणि ते बरोबर आहे. पण पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना दिलेल्या मागण्या पुन्हा वाचा. कसेल त्याची जमीन आणि पडीक जमिनीचे वाटप यांच्या बरोबरीने धान्याचे पुरेसे वाटप आणि वाढत्या भावांवर नियंत्रण ही मागणी आहे. किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी आहे. आणि अस्पृश्यता अपराध कायद्याखाली पुरता न्याय मिळावा ही मागणीही आहे.

म्हणजे आपल्या आधीच्या पिढीने भावाचा प्रश्न आणि अस्पृश्यतेच्या खटल्यांचा प्रश्न एकाच कागदावर लिहिला होता. आज भाववाढीवर बोलले की काही मित्र म्हणतात, हा आपला विषय नाही, तो डाव्यांचा विषय आहे. त्यांनी हा कागद वाचावा.

सत्याग्रहानंतर काही महिन्यांतच, मार्च १९६५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नथुलाल विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्याचा निकाल दिला. धान्याच्या व्यापाऱ्याने परवान्यासाठी अर्ज केला होता, फी भरली होती. परवाना मिळेल या समजुतीने त्याने धान्य साठवले. न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले, दोषी मन सिद्ध झाल्याशिवाय कलम ७ खाली शिक्षा नाही. त्या माणसापुरता निकाल न्याय्य वाटतो. पण त्याची सावली प्रत्येक साठेबाजाच्या खटल्यावर पडणार होती.

यावर संसदेने १९६७ मध्ये कायद्यात असे शब्द घातले की गुन्हा जाणूनबुजून केलेला असो वा नसो, शिक्षा होईल. १९७२ च्या दुष्काळात भाव भडकले. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्याच वर्षी विधी आयोगाने सामाजिक-आर्थिक गुन्ह्यांवरचा अहवाल दिला. १९७४ मध्ये १९६७ चे शब्द काढले गेले आणि नवे कलम १०-सी आले. आता न्यायालय आरोपीचे दोषी मन गृहीत धरेल. ते नव्हते हे आरोपीने दाखवायचे, आणि तेही संशयाला जागा न ठेवता.

नीट पाहा, ही तीच वाट आहे. १९५५ साली अस्पृश्यतेच्या कायद्याने ज्या दिशेने पाऊल टाकले, तिथे भावाच्या कायद्याला यायला एकोणीस वर्षे लागली. दुबळ्याने बलवानाच्या मनातले सिद्ध करायचे नसते, हा विचार दोन्हीकडे आहे.

पिंपरीचे पेनिसिलिन

आता आपल्या दारातली गोष्ट. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, आपल्या भाषेत एचए कंपनी, १९५४ मध्ये पिंपरीत उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती, मालकी सरकारची होती. त्याच वर्षी २५ डिसेंबरला जवळच्याच देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे त्यांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये लिहिले होते. औषधाचा भाव खाली ठेवायचा एक मार्ग एचएने दाखवला. सरकारनेच औषध बनवायचे. अशा औषधात जादा नफ्याचे मन कोर्टात शोधत बसावे लागत नाही.

दुसरा मार्ग भाव बांधण्याचा. १९६२-६३ मध्ये, चीनच्या युद्धाच्या सुमारास, औषधांच्या भावांचे पहिले आदेश निघाले. मग १९७०, १९७९, १९८७, १९९५ आणि २०१३ चे आदेश. १९८७ मध्ये सायनामाइड खटल्यात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी भाव ठरवणे हे कायदे करण्यासारखे काम आहे असे सांगून सरकारची बाजू भक्कम केली. जीवनावश्यक वस्तूंमधल्या नफेखोरीवर त्यांनी कडक शब्दांत कोरडे ओढले.

पण भाव ठरवणे भक्कम झाले तरी वसुली कुठे गेली? कंपन्यांनी जादा घेतलेल्या रकमेच्या हजारो कोटींच्या नोटिसा वर्षानुवर्षे न्यायालयात अडकून पडल्या. आणि जादा रक्कम वसूल झालीच, तर ती सरकारकडे जमा होते. ज्या रुग्णाने ती दिली त्याला रुपयाही परत मिळत नाही, कारण त्याची नोंदच कुठे नाही. इकडे एचएचे कामगार थकलेल्या पगारासाठी भांडत राहिले आणि २०१६ मध्ये कंपनीची देणी भागवण्यासाठी जमीन विकायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पहिला मार्ग सुकत गेला, दुसरा कोर्टात तुंबला.

कोविडमध्ये काय दिसले

मार्च २०२० मध्ये मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तू ठरले. तीन पदरी मास्क १० रुपये, २०० मिलिलिटर सॅनिटायझर १०० रुपये. जूनअखेर ती मुदत संपली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने एन-९५ मास्कचे भाव १९ ते ४९ रुपयांत बांधले. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविरच्या छापील किमती कंपनीनुसार ८९९ ते ३,४९० रुपयांवर आणल्या गेल्या. त्या महिन्यात पिंपरी-चिंचवडमध्ये इंजेक्शनसाठी रात्रभर फिरलेल्या माणसांना विचारा, त्यांनी किती दिले. आणि मग विचारा, बिल आहे का?

पोलिसांनी गुन्हे दाखल केले, आपल्या शहरातही केले. बातम्यांत पकडलेली माणसे बहुतेक वॉर्डबॉय, मेडिकलमध्ये कामाला असलेली पोरे. इंजेक्शन त्यांच्या हातात वरून कुठून आले, याची बातमी क्वचित वाचायला मिळाली. १९४८ च्या पेट्रोल पंपावरचा नोकर आणि मालक इथे पुन्हा दिसतात.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यायला हवा. गृहीतकाचा कायदा कडक असतो. तो उद्या आपल्याच हातगाडीवाल्या भावावर, रेशन दुकानात माप घालणाऱ्या पोरावर चालवला जाईल. हे खरे आहे, आणि होतेही. म्हणून मला आणखी कडक कायदा नको. आहे तो कायदा वरपर्यंत चढायला हवा. कंपनीच्या गुन्ह्यासाठी कारभार पाहणाऱ्याला जबाबदार धरणारे कलम १० त्या कायद्यात आहे. त्या कलमापर्यंत खटला जायला कागद लागतो. विक्रेता कोण, परवाना कोणाचा, माल कोणत्या बॅचचा, हे लिहिलेला कागद. तो नसेल तर शिक्षा नेहमी खालच्या पायरीवरच थांबते.

आणि कलम १०-सी कितीही चांगले असले, तरी ते फक्त मन गृहीत धरते. विक्री झाली, इतक्या भावाला झाली, हे आपल्यालाच दाखवावे लागते. त्या ताईच्या गोळ्यांच्या बाबतीत कलम १०-सी उपयोगाचे नव्हते, कारण गोष्ट तिथवर पोहोचलीच नाही.

आपण काय करायचे

१९८६ पर्यंत या कायद्याखाली कोर्टात तक्रार नेणे सरकारी अधिकाऱ्याच्याच हातात होते. त्या वर्षी कलम ११ बदलले. आता बाधित व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटनाही थेट न्यायालयात लेखी तक्रार करू शकते. हे दार उघडून इतकी वर्षे झाली, आपण त्यातून किती वेळा आत गेलो?

माझी सूचना साधी आहे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर पंधरा मिनिटे या कामाला द्या. एक वही ठेवा.

१. औषध, गॅस, रेशन, काहीही घेताना बिल मागायचे. दिले नाही तर तारीख, वेळ, दुकानाचे नाव आणि कोण सोबत होते ते त्याच दिवशी वहीत लिहायचे. रेशनच्या ई-पॉस मशीनची पावती फेकायची नाही.

२. गोळ्यांची पट्टी कापण्याआधी पूर्ण पट्टीचा फोटो काढायचा. किंमत, बॅच नंबर आणि मुदत दिसली पाहिजे.

३. यूपीआयवर विसंबायचे नाही. १२० रुपये गेले एवढेच ते सांगते, त्या १२० मध्ये काय घेतले ते सांगत नाही. फोटो आणि यूपीआयची नोंद एकत्र ठेवायची. त्या कोर्टात द्यायच्या तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ मोबाइल जपायचा.

४. छापील किंमत आणि सरकारने बांधलेली कमाल किंमत या वेगळ्या गोष्टी आहेत. छापील किंमत कंपनी ठरवते. औषधाची सरकारी किंमत 'फार्मा सही दाम' ॲपवर तपासता येते.

५. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. ग्राहक आयोगात तुमची बाजू अधिक खरी वाटली तरी पुरते. ठरलेल्या किंवा छापील भावापेक्षा जास्त घेणे हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीचे कारण आहे. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. आणि तिथे परतावा तुमच्या हातात येतो.

एका माणसाची नोंद म्हणजे तक्रार. एकाच दुकानाबद्दल चाळीस घरांच्या तारीखवार नोंदी म्हणजे रीत. 'चुकून झाले' हे एकदा म्हणता येते, चाळीस वेळा म्हणता येत नाही.

आपल्या समाजाला लिहिलेल्या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. ज्यांच्या हातात वही होती त्यांनी पिढ्यानपिढ्या आपल्या नावावर कर्ज लिहिले आणि आपल्याला ते वाचता येत नव्हते. आता वाचता येते, लिहिता येते, खिशात कॅमेरा आहे. तरी पट्टी कापून घेताना आपण गप्प बसतो, कारण दहा-वीस रुपयांसाठी कोण भांडणार असे वाटते. त्या ताईचे घर रोजच्या मजुरीवर चालते. तिच्यासाठी ते दहा-वीस रुपये नव्हते, दर महिन्याची वसुली होती.

ती आता बिल मागते. पहिल्या वेळी दुकानदार म्हणाला, "एवढ्याशाचं काय बिल?" ती म्हणाली, "एवढ्याशाचंच पाहिजे." त्याने दिले.

जयभीम! नमो बुद्धाय!